जुन्या गेम कार्ट्रिजचे भाव चढत असताना संग्रह कसा सुरू करावा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. लहानपण सांगलीत गेले, शेजाऱ्यांच्या टीव्ही गेमवर मारिओ, कॉन्ट्रा आणि डक हंट खेळलात, आता नोकरीनिमित्त न्यू जर्सीत आहात आणि हेच गेम निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या मूळ कार्ट्रिजमध्ये, म्हणजे यंत्रात घालायच्या गेमच्या कॅसेटमध्ये, जमवायचे आहेत. महिन्याला शंभर डॉलर बाजूला काढता येतात, परंतु वर्षभर पाहता भाव चढतच चालले आहेत. तेव्हा मिळेल ते आत्ताच घेऊन ठेवावे की थांबावे, आणि चार-पाच वर्षांनी पुण्याला परतताना विकायचे झाले तर पैसे सुटतील का, असे तुम्ही विचारले आहे. मी बरीच वर्षे अमेरिकेत जुन्या कार्ट्रिज घेतो, उघडून दुरुस्त करतो आणि जास्तीच्या विकतो, त्यामुळे जे सांगतो ते त्या कामातून आलेले आहे. तुमचे उत्तर बऱ्याच अंशी तुम्ही खेळणार आहात की मांडून ठेवणार आहात यावर अवलंबून आहे, आणि प्रश्नात ते स्पष्ट झालेले नाही. गेमची नावे तुम्ही ज्या आपुलकीने घेतली आहेत त्यावरून खेळणार आहात असे मी धरून चालतो.

‘मिळेल ते’ या शब्दांपाशी आधी थांबतो, कारण मला खरी अडचण तिथे दिसते. बातम्यांत जुन्या गेमचे जे आकडे येतात आणि दुकानात तुम्हाला जो आकडा द्यावा लागतो, ते वेगवेगळ्या बाजारांचे आहेत. जुलै २०२१ मध्ये ‘सुपर मारिओ ६४’ची एक सीलबंद प्रत हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेली, दोनच दिवस आधी ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ची सीलबंद प्रत ८ लाख ७० हजार डॉलरला गेली होती. अशा प्रती कोणी उघडत नाही. एखादी कंपनी खोके आणि त्यावरचे पारदर्शक वेष्टन तपासून श्रेणी देते, प्रत प्लास्टिकच्या जाड पेटीत बंद होते आणि पुढे ती पेटीच या हातातून त्या हातात फिरते. ‘सुपर मारिओ ६४’ हा गेम दुर्मीळ नाही, त्याच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या आहेत आणि सुटी कार्ट्रिज जुन्या गेमच्या जवळपास प्रत्येक दुकानात दिसते. पंधरा लाख डॉलर दिले गेले ते न फाटलेल्या वेष्टनासाठी. हे भाव मुद्दाम फुगवले गेले असा आरोप करणारा दावा २०२२ मध्ये अमेरिकेतील न्यायालयात दाखल झाला. त्याचे काही का होईना, महिन्याला शंभर डॉलर खर्चणाऱ्याने या बाजारावरून आपल्या छंदाचा अंदाज बांधू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा बाजार खोके, पुस्तिका आणि कार्ट्रिज अशा पूर्ण संचांचा. निन्टेन्डोची खोकी पुठ्ठ्याची होती आणि मुलांनी ती पहिल्याच आठवड्यात फाडली, त्यामुळे आज पुष्कळदा रिकामे खोके आतल्या कार्ट्रिजपेक्षा महाग पडते. सेगा या प्रतिस्पर्धी कंपनीच्या जेनेसिस यंत्राचे गेम बराच काळ प्लास्टिकच्या पेटीत येत असत, म्हणून त्यांचे पूर्ण संच अजून त्या मानाने आवाक्यात आहेत. मांडणीची हौस असेल तर हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. तिसरा बाजार सुट्या कार्ट्रिजचा; तुमचा संबंध मुख्यतः त्याच्याशी येईल, आणि यापुढे मी भाव म्हणेन तो सुट्या कार्ट्रिजचा.

हे भावही खरोखरच चढले आहेत. २०२० च्या टाळेबंदीत लोक घरात अडकले, अनेकांच्या हाती मोकळा वेळ आणि सरकारी मदतीचे पैसे आले आणि माळ्यावरचे यंत्र खाली काढल्यावर त्याच्यासोबतच्या हरवलेल्या कार्ट्रिजची शोधाशोध सुरू झाली. २०२१ च्या सुमारास भाव शिखरावर गेले. त्यानंतर अनेक साध्या कार्ट्रिजचे भाव खाली आले किंवा थबकले, तर काहींचे, विशेषतः पोकेमॉनचे, टिकून राहिले. तुम्ही पाहिलेली चढण खरी असेल, परंतु ती कोणत्या नावांची आहे हे तपासा. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ आणि ‘डक हंट’ एकत्र असलेली कार्ट्रिज यंत्राबरोबरच दिली जात असे. एकट्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’च्या जगभरात चार कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत. ती आजही दहा-पंधरा डॉलरच्या आसपास मिळते आणि उद्या मिळणार नाही अशी भीती बाळगण्याचे कारण नाही.

महाग काय होते आणि का, हे समजून घेतले की घाई बरीच कमी होते. त्या काळी अमेरिकेत निन्टेन्डोच्या यंत्रासाठी गेम काढणाऱ्या प्रकाशकाला कार्ट्रिज निन्टेन्डोकडूनच बनवून घ्याव्या लागत आणि खप होण्याआधीच मागणी नोंदवून पैसे भरावे लागत. सीडी काय, संपल्यावर पुन्हा स्वस्तात काढता येते. कार्ट्रिजमध्ये चिप, सर्किट आणि कवच असल्यामुळे उरलेला माल म्हणजे थेट तोटा असे. त्यामुळे नवे यंत्र बाजारात आल्यावर जुन्या यंत्रासाठी निघालेल्या गेमची मागणी प्रकाशक हात आखडून नोंदवत. सुपर निन्टेन्डो अमेरिकेत १९९१ मध्ये आला आणि टाइटोचा ‘लिटल सॅमसन’ जुन्या यंत्रासाठी १९९२ च्या अखेरीस निघाला. गेम सुरेख आहे, पण तेव्हा त्याच्याकडे बघायला कोणी उरले नव्हते, आणि म्हणून आज त्याची सुटी कार्ट्रिजसुद्धा चार आकडी डॉलरला जाते. कोणत्याही यंत्राच्या शेवटच्या दीड-दोन वर्षांतले चांगले गेम पाहा, महागड्यांची निम्मी यादी तिथेच तयार होते. उरलेल्यांत ‘स्टेडियम इव्हेंट्स’सारखे बाजारातून परत घेतलेले गेम आणि १९९० च्या निन्टेन्डो वर्ल्ड चॅम्पियनशिप्सच्या स्पर्धेच्या कार्ट्रिज येतात, या दुसऱ्या प्रकारच्या करड्या ९० आणि सोनेरी २६ अशा मिळून ११६ च बनल्या. अशा वस्तू तुमच्या-माझ्या यादीत नसतात, त्यामुळे त्यांच्या भावाने आपली झोप उडण्याचे कारण नाही.

भाव कायम चढतच राहतात का, याबद्दल अटारी २६०० कडे पाहावे असे मी सांगतो. हे यंत्र १९७७ चे. ज्यांनी ते लहानपणी खेळले त्यांनी चाळिशीत त्याच्या कार्ट्रिज जमवल्या. आता ती पिढी साठीकडे झुकली आहे आणि तिचे संग्रह बाजारात येऊ लागले आहेत. अटारीच्या दुर्मीळ कार्ट्रिज अजूनही महाग आहेत, पण साध्या कार्ट्रिज दोन-चार डॉलरला टोपलीत पडलेल्या दिसतात. निन्टेन्डोच्या बाबतीत नेमके हेच होईल असे मी म्हणत नाही, कारण मारिओ आणि झेल्डा ही नावे नव्या मुलांनाही ठाऊक आहेत आणि अटारीच्या नावांचे तसे झाले नाही. तरीही सुट्या, विपुल कार्ट्रिजच्या भावामागे आठवणीची ओढ हेच मुख्य बळ असते आणि आठवण असणारी माणसे त्या त्या पिढीपुरती असतात.

आता तुमच्या आठवणीकडे येतो. सांगलीत तुम्ही ज्यावर खेळलात ते बहुधा निन्टेन्डोच्या जपानमधल्या फॅमिकॉम या यंत्राची नक्कल होते. निन्टेन्डोचे अधिकृत यंत्र भारतात समुराई या नावाने विकले गेले, परंतु घरोघरी पोहोचली ती मीडियाच्या ‘लिटल मास्टर’सारखी यंत्रे आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून गावोगावी गेलेल्या निनावी नकला. त्यांच्या पिवळ्या, लाल, काळ्या कॅसेट जपानी फॅमिकॉमच्या मापाच्या, ६० पिनांच्या असत. अमेरिकेत हेच यंत्र एनईएस या नावाने विकले गेले; त्याची करडी कार्ट्रिज ७२ पिनांची, मोठी आणि आत बरीचशी रिकामी असते. हातात घेतल्यावर तुम्हाला जी ओळख पटायला हवी आहे ती अमेरिकन कार्ट्रिजपेक्षा फॅमिकॉमच्या लहान, रंगीत कार्ट्रिजमध्ये पटण्याची शक्यता अधिक आहे. मारिओ, कॉन्ट्रा, एक्साइटबाइक, आइस क्लायंबर अशा गेमना जपानी वाचता येण्याची गरज नाही, आणि कॉन्ट्राच्या जपानी आवृत्तीत तर टप्प्यांमधले नकाशे आणि छोटी चित्रदृश्येही आहेत जी अमेरिकन आवृत्तीत गाळली गेली. ती आवृत्ती स्वस्त नाही, हेही सांगून ठेवतो. बाकी साधे फॅमिकॉम गेम मात्र त्यांच्या अमेरिकन भावंडांपेक्षा पुष्कळदा स्वस्त पडतात. संवादांवर चालणारे गेम आवडत असतील तर हा मार्ग अर्थातच तुमच्या कामाचा नाही.

फॅमिकॉम घेणार असाल तर १९८३ चे मूळ लाल-पांढरे यंत्र दिसायला कितीही गोड वाटले तरी १९९३ चे सुधारित यंत्र पाहा, ज्याला संग्राहक एव्ही फॅमिकॉम म्हणतात. मूळ यंत्रातून फक्त जपानी वाहिन्यांवर लावण्याचा अँटेनाचा सिग्नल निघतो, तर सुधारित यंत्राला पिवळ्या-पांढऱ्या-लाल तारांची सोय आहे. एक इशारा मी प्रत्येकाला देतो. अमेरिकन एनईएसचा अडॅप्टर फॅमिकॉमला कधीही लावू नका. तो एसी वीज देतो; एनईएसमध्ये तिचे डीसी करणारे सर्किट आत आहे, फॅमिकॉममध्ये नाही. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या मेलेल्या फॅमिकॉमांत हे कारण वारंवार सापडते. ज्यांना दुसरे यंत्र घ्यायचेच नाही ते ६० पिनांवरून ७२ पिनांवर नेणारा जोड वापरून एनईएसवर फॅमिकॉमचे गेम चालवतात, आणि तेही ठीक चालते. फक्त ‘अकुमाजो देन्सेत्सु’सारख्या काही गेमच्या कार्ट्रिजमध्ये आवाजाची जादा चिप असते, तिचे सूर एनईएसमध्ये बदल केल्याशिवाय ऐकू येत नाहीत. डक हंटच्या बंदुकीला जुना काचेचा टीव्ही लागतो, एलसीडीवर ती नेम ओळखत नाही. न्यू जर्सीत असे टीव्ही लोक रस्त्याकडेला फुकट ठेवतात, पण उचलताना सोबत माणूस घेऊन जा.

खरेदीबद्दल माझी रीत अगदी साधी आहे. ज्या गेमसाठी शनिवारची संध्याकाळ देण्याची तयारी आहे अशा पंधरा-वीस गेमची यादी करावी आणि वर्षभर यादीबाहेरचे काही घेऊ नये. प्रत्येक नावापुढे गेल्या दोन महिन्यांत प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या प्रतींचे भाव लिहावेत. ईबेवर मागितलेला भाव आणि झालेली विक्री यांत मोठे अंतर असते. विकलेल्या वस्तूंची वेगळी यादी तिथे पाहता येते, तीच पाहावी. प्राइसचार्टिंग या भाव नोंदवणाऱ्या संकेतस्थळावरचा सरासरी आकडा दिशा कळण्यापुरता चांगला आहे, पण फाटक्या लेबलाची आणि कोरी दिसणारी प्रत त्यात एकाच सुट्या भावाखाली येतात. एखाद्या मालिकेचा नवा भाग किंवा चित्रपट जाहीर झाला की जुन्या भागाची कार्ट्रिज उसळते. त्या आठवड्यांत मी ते नाव यादीत तात्पुरते खाली ढकलतो, आणि गेम विपुल असेल तर काही महिन्यांत भाव परत जागेवर येताना पाहतो.

स्वस्त माल गराज सेल, चर्चचे बाजार आणि स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांकडे मिळतो, तोही अधूनमधून. यंत्र, तारा आणि दहाबारा कार्ट्रिज असा सगळा डबाच विकत घेऊन नको त्या गेम परत विकणे हा बहुतेक जुन्या संग्राहकांचा मार्ग आहे. गेमच्या जत्रांत शेवटच्या दिवशी दुपारनंतर विक्रेत्याला माल परत न्यायचा नसतो, तेव्हा घासाघीस चालते. जपानमधून मागवायचे असेल तर मध्यस्थ सेवा घ्यावी लागते. हार्ड ऑफसारख्या दुकानांतला भंगार म्हणून विकला जाणारा माल तपासून, पुसून पुष्कळदा उत्तम चालतो, तर टोकियोतल्या अकिहाबाराच्या पर्यटकांनी गजबजलेल्या दुकानांत चांगल्या प्रतीसाठी चांगलाच भाव मोजावा लागतो. एक बदल मात्र हिशेबात धरा. ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला अमेरिकेत असलेली शुल्कमाफी ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस थांबवण्यात आली. म्हणून पाच डॉलरची कार्ट्रिज एकटी मागवणे परवडत नाही. मध्यस्थाकडे पाचसहा साठवून एकत्र मागवा आणि त्या दिवशीचा शुल्काचा दर आधी पाहून घ्या.

भाव चढण्याचा सर्वांत वाईट परिणाम माझ्या मते बनावट माल हा आहे, आणि तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेख नसल्यामुळे त्यावर थोडे अधिक लिहितो. दहा डॉलरच्या गेमची नक्कल सहसा कोणी करत नाही. पन्नासच्या वर गेलेल्या लोकप्रिय नावांची सर्रास होते. गेम बॉय अॅडव्हान्स या निन्टेन्डोच्या हातात धरून खेळायच्या यंत्राच्या पोकेमॉन कार्ट्रिज त्यांत आघाडीवर आहेत. अस्सल कार्ट्रिजच्या पुढच्या लेबलावर दाबून उमटवलेला एक बारीक आकडा असतो, तो प्रकाशात तिरपे धरल्यावर दिसतो. खालच्या फटीतून पाहिले तर सोनेरी पिनांच्या वर सर्किटवर निन्टेन्डोचे नाव छापलेले दिसते. लेबलाचा रंग फिकट किंवा भडक असणे, कवचाचे दोन भाग नीट न बसणे या पुढच्या खुणा. ‘एमराल्ड’, ‘रुबी’ आणि ‘सफायर’ या पोकेमॉन गेमच्या अस्सल कार्ट्रिजमध्ये घड्याळासाठी बॅटरी असते आणि ती संपली की गेम सुरू होताना तसा संदेश येतो. तो संदेश पाहून अनेक जण नाक मुरडतात, मी मात्र तो पाहून निश्चिंत होतो. नकली प्रती पुष्कळदा गेम संपवल्यावर तुमची प्रगती जपतच नाहीत.

बाहेरच्या खुणा आता नकला करणारेही शिकले आहेत, म्हणून महाग कार्ट्रिज मी उघडून पाहिल्याशिवाय घेत नाही. एनईएसच्या नंतरच्या, सुपर निन्टेन्डोच्या, निन्टेन्डो ६४ च्या आणि मूळ गेम बॉयच्या कार्ट्रिजला ३.८ मिलिमीटरचा खास स्क्रूड्रायव्हर लागतो, अॅडव्हान्सला तीन पाकळ्यांचा. दोन्ही मिळून काही डॉलरांत येतात आणि पहिल्याच खरेदीत घ्यावेत. एनईएसच्या सुरुवातीच्या कार्ट्रिजला पाच साधे स्क्रू असतात, त्या साध्या चपट्या पेचकसाने उघडतात. अमेरिकन कार्ट्रिजच्या आत निन्टेन्डोचे नाव आणि वर्ष छापलेले सर्किट, त्यावर बनवणाऱ्याचे नाव असलेल्या चिप आणि चिपवर वर्ष-आठवड्याचा अंक दिसला पाहिजे. १९९५ मध्ये निघालेल्या गेमच्या चिपवर २०१४ चा अंक असेल तर पुढे बोलण्यासारखे काही उरत नाही. हाताने ओढलेल्या तारा आणि चिपऐवजी काळ्या राळेचा थेंब हेही नापसंतीचे कारण, मात्र फॅमिकॉमच्या काही अस्सल कार्ट्रिजमध्ये असा थेंब आढळतो, तिथे हा नियम लावू नये. ऑनलाइन विक्रेत्याला आतल्या सर्किटचा फोटो मागा. पन्नास डॉलरच्या वरच्या वस्तूचा फोटो देण्यास जो नकार देतो त्याच्याकडून मी घेत नाही, मग त्याची बाजू कितीही खरी असो.

कार्ट्रिजमधला मूळ गेम ज्या चिपमध्ये असतो ती फार टिकाऊ असते. चाळीस वर्षांपूर्वीच्या कार्ट्रिज आजही बिनतक्रार चालतात. मरते ती प्रगती जपणारी बॅटरी. झेल्डा, सुपर निन्टेन्डोवरचे लांबलचक गेम आणि गेम बॉयचे पोकेमॉन यांत नाण्याच्या आकाराची लिथियम बॅटरी सर्किटला जोडलेली असते, आणि ती संपली की गेम चालतो पण जपलेली प्रगती जाते. पोकेमॉनच्या ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मध्ये तीच बॅटरी घड्याळही चालवते, म्हणून तिथे ती लवकर संपते. नवी बॅटरी एक-दोन डॉलरची असते. कानांना पत्र्याच्या पट्ट्या असलेली घ्यावी आणि सोल्डर करावी. नाण्यासारखी साधी बॅटरी चिकटपट्टीने दाबून बसवलेली मी अनेक कार्ट्रिजमध्ये पाहिली आहे. ती काही महिन्यांत सुटते. बॅटरी काढताच जुनी प्रगती जाते, तेव्हा आधीच्या मालकाची किंवा स्वतःची ती जपायची असेल तर कार्ट्रिज संगणकाला जोडणाऱ्या उपकरणाने प्रत काढून घ्या. सुट्या कार्ट्रिजची बॅटरी स्वच्छपणे बदललेली असेल आणि तसे सांगितले असेल तर तिचा भाव पडत नाही, असा माझा अनुभव आहे.

स्वच्छता फारशी अवघड नाही. फुंकर मारू नका. निन्टेन्डोनेही ती मारू नये असेच सांगितले होते, कारण श्वासातल्या ओलाव्याने पिना खराब होतात. नव्वद टक्क्यांहून तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन बोळा काळा यायचा थांबेपर्यंत पिना पुसा आणि वाळू द्या. इतके करून एनईएस लुकलुकत राहिला तर दोष बहुधा यंत्रातल्या ७२ पिनांच्या जोडणीचा असतो, कार्ट्रिजचा नसतो. न्यू जर्सीच्या तळघरात आणि पुढे पुण्याच्या पावसाळ्यात कार्ट्रिज झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि उन्हाच्या खिडकीत कधीही मांडू नका, कारण कवच पिवळे पडते.

परत विकण्याबद्दल. विक्रीची फी, टपाल आणि पॅकिंग वजा जाता ईबेवर दिसणाऱ्या भावाच्या साधारण चार-पंचमांश रक्कम हातात येते, आणि दुकानदार रोख देतो ती बहुतेकदा निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमी. म्हणजे भाव साधारण पंचवीस टक्के चढला तर तुम्ही फक्त बरोबरीला येता. ज्याला यातून पैसे सुटायला हवेत त्याने हे गुंतवणूक म्हणून घेऊ नये. ज्याला पाच वर्षे खेळून जवळजवळ मूळ रक्कम परत मिळाली तर समाधान आहे, त्याच्यासाठी हिशेब वाईट नाही. विकायचे असल्यास अमेरिकेतच, निघण्याच्या सहा महिने आधी विकायला लागा. अमेरिकन कार्ट्रिजला पुण्यात गिऱ्हाईक थोडे आणि तिथून परत इथे पाठवायचा खर्च मोठा. सोबत न्यायच्या असतील तर अमेरिकन अडॅप्टर भारतातल्या २३० व्होल्टवर थेट लावू नका, तो जळेल. एनईएसला तिथला पुरेशा क्षमतेचा ९ व्होल्टचा डीसी अडॅप्टर चालतो. नवा टीव्ही घेताना त्याला पिवळ्या तारेची जागा आहे ना, एवढे पाहा.

यादीतल्या महागड्या दोन-तीन नावांचे काय, हा प्रश्न राहतो. त्यांच्यासाठी मी तीन वाटा तपासायला सांगतो. गेम निन्टेन्डोच्या सध्याच्या सेवेवर किंवा एखाद्या नव्या संचात मिळतो का ते पाहा. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या पाहणीनुसार अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात विकत मिळत नाहीत, पण निन्टेन्डोची गाजलेली नावे बहुतेक उरलेल्या तेरा टक्क्यांत असतात. तिथे नसेल तर फॅमिकॉमची आवृत्ती पाहा. तीही महाग असेल तर एव्हरड्राइव्हसारखी कार्ट्रिज आहे, जिच्यात कार्डावरचे गेम भरून मूळ यंत्रावर खेळता येतात. त्या प्रती मात्र स्वतःच्या कार्ट्रिजवरून काढलेल्या किंवा परवानगीच्या असाव्यात, कुठूनतरी उतरवलेल्या नव्हेत. बनावट कार्ट्रिज घेणे ही चौथी वाट मी धरत नाही, कारण ती पुढे अस्सल म्हणून तिसऱ्याच कोणाच्या तरी माथी मारली जाते.

आता तुमचे पहिले तीन महिने मी असे लावीन. पहिल्या महिन्यात फक्त यंत्र आणि स्क्रूड्रायव्हर घ्या, तेही यंत्र तपासून, कार्ट्रिज लावून चालते ना ते पाहून. जमल्यास मारिओ आणि डक हंटची एकत्र कार्ट्रिज त्याच सौद्यात मागून घ्या. दुसऱ्या महिन्यात वीस डॉलरखालच्या तीन-चार विपुल कार्ट्रिज घ्या, उघडून पुसा, अस्सल सर्किट कसे दिसते ते डोळ्यांत भरून घ्या. तिसऱ्या महिन्यात काहीच घेऊ नका आणि ते शंभर डॉलर कॉन्ट्रासाठी ठेवा. तोवर विकल्या गेलेल्या प्रतींचे भाव तुम्ही आठ-दहा आठवडे लिहून ठेवलेले असतील, त्यामुळे समोर आलेली प्रत महाग आहे की ठीक, हे विचारायला तुम्हाला माझ्याकडे यावे लागणार नाही. अमेरिकन आवृत्ती घ्यायची की जपानी, एवढे ठरवून मला कळवा. जपानी घेणार असाल तर विक्रेत्याने दिलेला सर्किटचा फोटो पैसे भरण्याआधी पाठवा, मी पाहून सांगतो.